बेटाला दार असावं

‘बेटाचा बेत’ असं आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव आहे. पाच जण, सगळे नाशिकचे, एकाच इंजिनीअरिंग कॉलेजातून बाहेर पडलेले. दोघे पुण्याला असतात, एक बंगळुरूला, आणि आम्ही दोघी इंदिरानगरात घरी बसून लॅपटॉपवरून नोकऱ्या करतो. बेत साधा होता. फेब्रुवारीत सहा दिवस लक्षद्वीप, तिथे स्कूबा डायव्हिंग. एकाने लगेच एक्सेल शीट उघडली. विमान, बोट, राहणं, डाइव्ह, खाणं आणि शेवटी ‘इतर’. त्या ‘इतर’मध्ये एक ओळ होती : प्रवेश परवाना.

त्या ओळीवरून ग्रुपवर जी चर्चा झाली तिची सुरुवात अशी : “आपल्याच देशात परमिट? काय फालतूपणा आहे!” खाली हसणाऱ्या बाहुल्या. मग एकाने माहिती पुरवली की दारू फक्त बंगारम बेटावर मिळते, बाकी सगळीकडे बंदी. त्यावर आणखी बाहुल्या. मग एका एजंटचा निरोप पुढे ढकलला गेला : परमिटची काळजी सोडा, आम्ही ‘करून देतो’. तिघांनी अंगठे दाखवले. त्यातला एक अंगठा माझा होता.

तो अंगठा मी या लेखात मागे घेते आहे. माझं म्हणणं सरळ आहे. बेटाला दार असावं, दारावर कडी असावी, आणि ती कधी काढायची हे आतल्यांनी ठरवावं. आणि हे आपल्यासारख्या फिरणाऱ्यांनी सगळ्यात आधी म्हणायला हवं.

*

आधी आमच्या घरचं सांगते. त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरिहर नावाचा गड आहे. निरगुडपाड्याकडून किंवा हर्षेवाडीकडून चढायचा. शेवटी खडकात कोरलेल्या, जवळजवळ उभ्या पायऱ्या, हात घालायला खोबण्या, आणि रुंदी एवढीच की चढणारा वर जाईपर्यंत उतरणाऱ्याने थांबायचं. आम्ही कॉलेजात असताना पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या पायऱ्यांवर आम्हीच होतो. मग ड्रोनचे व्हिडिओ आले. मग रील्स आली. मग पावसाळ्यातल्या रविवारी पायऱ्यांवर माणसांची साखळी दिसू लागली. वर पोचलेल्यांना उतरता येईना आणि खालच्यांना मागे फिरता येईना. शेवटी वनविभागाला माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली.

तेव्हा आम्ही नाशिककरांनी टाळ्या वाजवल्या. “मुंबई-पुण्याचे येतात आणि घाण करून जातात” हे आमचं आवडतं वाक्य. “आपल्याच देशात परमिट?” म्हणणाऱ्या माझ्या मित्राने त्या वेळी स्टेटस ठेवलं होतं : ‘आता तरी गड श्वास घेईल.’ म्हणजे आपल्या गडाला मर्यादा लागली की ती शहाणपणाची, आणि दुसऱ्याच्या बेटाला लागली की ती सरकारी अडवणूक. असं कसं?

नाशिकच्या माणसाला तर हे समजावून सांगायलाच नको. आपलं गाव हे दुसऱ्यांचं ‘डेस्टिनेशन’ असण्याचा आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. येत्या सिंहस्थाची तयारी सुरू झाली आणि २०२५ च्या अखेरीस साधुग्रामसाठी तपोवनातली झाडं तोडायचा प्रस्ताव आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले. कुंभमेळ्याला कुणी येऊच नये, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. पाहुणे येणार म्हणून आमच्या घरातलं काय तोडायचं, हे आम्हाला विचारा, एवढंच होतं. लक्षद्वीपचा माणूस याहून वेगळं काय मागतो आहे?

*

आता बेटाचा हिशेब. आमच्या शीटमध्ये तो नव्हता, म्हणून मी एक नवा टॅब उघडला.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटं मोजली जातात, वस्ती १० बेटांवर. सगळी जमीन मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे नाशिक महापालिकेच्या हद्दीचा साधारण आठवा हिस्सा, तोही अरबी समुद्रात तुकड्या-तुकड्यांनी पसरलेला. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून जास्त माणसं. आम्ही ज्याला ‘निर्जन’, ‘अनटच्ड’ म्हणत होतो ती जागा मुळात दाटीची आहे. रिकामा आहे तो समुद्र.

आणि पाणी? या बेटांवर नदी नाही, डोंगर नाही, धरण बांधायला जागा नाही. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर एका पातळ भिंगासारखं तरंगत राहतं. विहिरीतून जास्त उपसलं की खालचं खारं पाणी वर येतं. शौचालयाचा खड्डा त्याच वाळूत असेल तर तेही त्याच भिंगात उतरतं. २००५ मध्ये कवरत्तीला चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने एक प्रकल्प सुरू केला. इंजिनीअर म्हणून मला तो फार आवडला. पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली घेतात म्हणजे त्याची वाफ होते, आणि सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने त्या वाफेचं पुन्हा पाणी करतात. क्षमता दिवसाला १ लाख लिटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण २०११ मध्ये कवरत्तीची वस्ती अकरा हजारांवर होती. भागाकार करा. माणशी नऊ लिटर.

आपल्याकडे शहरांसाठी धरलं जाणारं प्रमाण माणशी १३५ लिटर आहे. आणि डायव्हिंग करणारा पाहुणा तर विशेष तहानलेला असतो. समुद्रातून वर आलं की आधी आंघोळ, आणि मग सूट, जॅकेट, रेग्युलेटर सगळं गोड्या पाण्यात खळबळून घ्यायचं, नाहीतर मिठाने सामान खराब होतं. दिवसाला दोन डाइव्ह, पाच माणसं, सहा दिवस. आमच्या शीटमध्ये मसाला डोशापर्यंत सगळे खर्च होते. पाणी कुठेच नव्हतं, कारण आम्हाला त्याचे पैसे पडणार नव्हते.

विजेचंही तसंच. सौरऊर्जा आली आहे, पण बेटांचा मोठा भार अजून डिझेल जनरेटरवर आहे आणि ते डिझेल मुख्य भूमीवरून जहाजाने येतं. आपण तिकडे गेल्यावर ‘इथे किती साधं आयुष्य आहे ना’ म्हणून कौतुक करतो. त्या साधेपणातला बराचसा भाग म्हणजे टंचाई असते. तिथली बाई पाणी जपून वापरते, कारण तिला दुसरा इलाज नाही. आपण चार दिवस तिच्या टंचाईत ‘डिटॉक्स’ करतो आणि तिच्याहून जास्त पाणी वापरून परत येतो.

*

यावर ग्रुपमधून लगेच उत्तर आलं : “आपण पाच जणांनी काय फरक पडतो?” हा प्रश्न मी गंभीरपणे घेते, कारण माझ्याकडे त्याचा एक पुरावा आहे. व्हिडिओच आहे.

तीन वर्षांपूर्वी मी मालवणला स्कूबा केलं. ज्याला ‘ट्राय डाइव्ह’ म्हणतात ते. बोटीवर काही मिनिटांची सूचना, तोंडात नळी, पाठीवर सिलिंडर, आणि मागून धरून नेणारा इन्स्ट्रक्टर. मला तेव्हा धड पोहताही येत नव्हतं. खाली गेल्यावर त्याने मुठीतला पाव सोडला, मासे भोवती गोळा झाले, कॅमेरा चालू झाला. मला उभं राहायला सांगितलं, मी एका दगडावर उभी राहिले, अंगठा आणि तर्जनी जुळवून ‘ओके’ची खूण केली. तो व्हिडिओ मी स्टेटसला ठेवला, आईने तिच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांनी वा वा केलं.

या सहलीसाठी वाचायला लागले तेव्हा मी तो व्हिडिओ पुन्हा पाहिला. तो दगड नव्हता. तो प्रवाळ होता. माझ्या उजव्या फिनखाली त्याचा एक तुकडा सुटतो, गाळ उडतो आणि मग तुकडा फ्रेमच्या बाहेर जातो. मी हसते आहे.

असे गोलसर, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण सेंटीमीटरभर वाढतात. बारा मिनिटांत मी किती वर्षं मोडली, ते मला मोजता आलेलं नाही. मला तिथे नेणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. सीझनमध्ये त्याला दिवसभर माझ्यासारखे पाहुणे खाली-वर करायचे असतात, आणि पाहुण्याला व्हिडिओ हवा असतो. पण आम्ही हे करत होतो ते मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ साली सागरी अभयारण्य जाहीर झालं आहे. कागदावर दार होतं. दाराशी कुणी नव्हतं. मे २०२२ मध्ये तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणाऱ्या पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला, आणि मग काही दिवस सगळ्यांना नियम आठवले. दाराशी कुणी नसलं की प्रवाळही मोडतो आणि माणूसही बुडतो.

तर फरक पडतो. एका वेळी एक फिन, एवढाच पडतो.

*

आता सगळ्यात जोरदार आक्षेप. मी भारताची नागरिक आहे, मग मला भारतातच फिरायला परवाना का लागावा?

राज्यघटनेच्या कलम १९ ने आपल्याला देशभर मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला आहे, हे खरंच. पण त्याच कलमाचं पाचवं उपकलम सांगतं की सर्वसामान्य जनतेच्या हितासाठी किंवा अनुसूचित जमातींच्या हिताच्या रक्षणासाठी या हक्कावर वाजवी बंधनं घालता येतात. लक्षद्वीपची सुमारे ९५ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींमध्ये मोडते. तिथे प्रवेश आणि वास्तव्य यांवर बंधन घालणारे नियम १९६७ चे आहेत. म्हणजे हे कुणा बाबूच्या डोक्यातून काल निघालेलं खूळ नाही. नागालँडला जातानाही आपण परवाना काढतो आणि त्याचा फोटो अभिमानाने इन्स्टाग्रामवर टाकतो. तिथे तो ‘साहसा’चा भाग असतो.

आमच्या व्यवसायातलं उदाहरण देते. सर्व्हरला किती विनंत्या झेपतील ते पाहून आम्ही मर्यादा लावतो. एका सेकंदाला इतक्याच, त्यापुढच्यांनी थांबा. “माझ्याच कंपनीच्या सर्व्हरवर मला मर्यादा?” असं कुणी म्हणालं तर त्याला आम्ही वेड्यात काढू. मर्यादा नसली तर सर्व्हर सगळ्यांसाठीच पडतो, तुमच्यासाठीही. ३२ चौरस किलोमीटर जमीन आणि वाळूतलं एक पातळ पाण्याचं भिंग यांना मर्यादा लावली, तर तो मला माझा अपमान का वाटावा?

जानेवारी २०२४ मध्ये काय झालं ते आठवा. पंतप्रधानांचे लक्षद्वीपच्या समुद्रातले फोटो आले, मालदीवच्या काही मंत्र्यांनी वेडंवाकडं लिहिलं, आणि दोन दिवसांत अख्खा देश लक्षद्वीपला निघाला. देशभक्ती म्हणून मालदीवची तिकिटं रद्द करा, लक्षद्वीपची काढा. त्या उत्साहात एक साधी गोष्ट कुणी बोललं नाही. अगत्तीची धावपट्टी सुमारे बाराशे मीटरची आहे, तिथे छोटी विमानंच उतरतात. कोचीहून जहाजाने रात्र काढावी लागते. त्या वर्षी गर्दीचा लोंढा जसाच्या तसा बेटांवर पोचला नाही, तो या अडथळ्यांमुळे आणि परवान्यामुळे. आणि त्याच वर्षी, मे महिन्यात, लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडल्याच्या बातम्या आल्या.

*

इथे माझ्या बाजूचाही एक कच्चा दुवा मान्य करायला हवा. प्रवाळ पांढरे पडतात ते समुद्र तापल्यामुळे, पर्यटकांच्या फिन्समुळे नव्हे. १९९८, २०१०, २०१६ आणि मग २०२४ : प्रत्येक वेळी समुद्री उष्णतेची लाट होती. १९९८ पासूनच्या २४ वर्षांत तिथलं जिवंत प्रवाळांचं आच्छादन जवळजवळ निम्मं झाल्याचं संशोधकांनी मांडलं आहे. परमिटने समुद्र थंड होत नाही.

पण तापातून उठलेल्या माणसाला आपण लगेच वरातीत नाचवत नाही. प्रवाळांना सावरायला वर्षं लागतात, आणि दोन लाटांमधलं अंतर कमी होत चाललं आहे. तेवढ्या वेळात गाळ, सांडपाणी, नांगर आणि लाथा जितक्या कमी तितकं बरं. इथे प्रवाळ म्हणजे पाहुण्यांना दाखवायची शोभा नाही. ही बेटं कंकणद्वीपं आहेत. पायाखालची वाळू प्रवाळांची आहे, आणि लाटा अडवणारी भिंतही प्रवाळांचीच. बंगारमजवळचं परळी-१ नावाचं निर्जन बेट झिजून पाण्याखाली गेल्याची नोंद २०१७ मध्ये झाली. आपण सहलीला जातो ती त्यांची जमीन आहे, आणि ती जिवंत राहिली तरच जमीन राहणार आहे.

दुसरा आक्षेप रोजगाराचा, आणि तो मी उडवून लावणार नाही. तिथल्या तरुणांना नोकऱ्या हव्यात. मासेमारी, नारळ आणि सरकारी नोकरी यांपलीकडे पर्याय थोडे. पर्यटनाने पैसा येतो, मालवणात आला आहे. घरात न्याहारी-निवास काढून मुलांना शिकवलेली कुटुंबं मी स्वतः पाहिली आहेत. नाशिकला बसून “तुम्ही तसेच राहा, आम्हाला बघायला बरं वाटतं” असं म्हणायचा मला अधिकार नाही. तसं म्हणणं म्हणजे माणसांना प्राणिसंग्रहालयात ठेवण्यासारखं आहे.

पण मग प्रश्न असा की दार कुणासाठी उघडतं? जानेवारी २०२३ मध्ये सुहेली आणि कदमत इथे ताजची दोन रिसॉर्ट जाहीर झाली, प्रत्येकी ११० खोल्यांची, त्यातल्या काही व्हिला थेट पाण्यावर. त्याआधी २०२१ मध्ये जमिनीच्या वापराबाबत प्रशासनाला व्यापक अधिकार देणारा मसुदा आला, तेव्हा बेटांवरचे लोक विरोधात उभे राहिले. जूनमध्ये घरोघरी १२ तासांचं उपोषण झालं. त्यांचं भांडण पाहुण्यांशी नव्हतं. आपल्या जमिनीवर काय उभं राहणार, हे आपल्याला न विचारता ठरू नये, यासाठी होतं. तपोवनातलं वाक्य तेच होतं, भाषा मल्याळम होती, एवढाच फरक.

म्हणून परवाना हा माझ्या मागणीचा शेवट नाही. परवाना माझ्यासारखीला अडवून मोठ्या भांडवलाला मागच्या दाराने आत घेत असेल, तर तो बेटाच्या कामाचा नाही. आणि एजंट जो ‘करून देतो’ तो तर परवानाच नाही, ती नुसती पावती आहे. किती पाहुणे, कोणत्या महिन्यात, किती पाण्यावर, आणि त्या पैशातलं किती बेटावर राहणार, हे तिथल्या पंचायतींनी, तिथल्या लोकांनी ठरवावं. त्यांनी उद्या दुप्पट पाहुणे घ्यायचं ठरवलं तर आनंदाने जाऊ. त्यांनी दोन वर्षं बंद म्हटलं तर घरी बसू. पाहुण्याला एवढं जमलं पाहिजे.

*

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. एवढं मोठं नाही, याच्या पाव भाग. बराच वेळ निळ्या खुणांशिवाय काही आलं नाही. मग एक्सेलवाल्याने विचारलं, “म्हणजे जायचं नाही का?”

जायचं आहे. पण शीट बदलली आहे. पहिल्या ओळीत आता पोहणं आहे. ओपन वॉटर कोर्सला साधारणपणे २०० मीटर पोहता आणि दहा मिनिटं तरंगता यावं लागतं. पाचातल्या तिघांना येत नाही, त्यात मी. म्हणून आम्ही दोघी सकाळी महापालिकेच्या सावरकर जलतरण तलावावर जातो. आठ-नऊ वर्षांची पोरं आमच्या बाजूने सपासप निघून जातात आणि आम्ही काठाची नळी धरून पाय मारतो. दुसऱ्या ओळीत तारकर्ली, पण या वेळी बारा मिनिटांसाठी नाही. चार दिवस, पूर्ण कोर्स, आणि त्यात मुख्य धडा एकच : पाण्यात अधांतरी राहायला शिकणं, कशालाही न टेकता. पाव नको, आणि व्हिडिओ नसला तरी चालेल. तिसऱ्या ओळीत लक्षद्वीप. परवाना आम्ही स्वतः काढणार, राहणं तिथल्याच एखाद्या कुटुंबाकडे, प्लास्टिक परत नाशिकला, आणि पाण्याचा एक वेगळा रकाना, लिटरमध्ये. हे फेब्रुवारीत बसणार नाही. पुढच्या वर्षीही बसेलच असं नाही.

ग्रुपमधले दोघे वैतागून बाहेर पडले. “तू सहलीचा प्रोजेक्ट केलास,” असं एक जण म्हणाला. ते दोघे फेब्रुवारीत दुसरीकडे कुठेतरी जाणार आहेत, जिथे काही विचारत नाहीत. त्यांचे फोटो छान येतील. मी लाइक करेन, कारण मित्र आहेत.

पण परवा तलावात पहिल्यांदा मी नळी सोडली आणि पाठीवर तरंगले. चार-पाच सेकंद असतील. खाली पाय टेकवायची सवय आहे म्हणून पाय आपोआप खाली जात होते. शिकवणारे काका काठावरून ओरडले, “टेकू नको गं, टेकू नको!” तेवढंच शिकायला चालले आहे.